आधी मांडी, मग गुडघा

सोलापूरच्या पूर्व भागात दुपारच्या वेळी उंबऱ्याशी बसून विडी वळणारी बाई हे रोजचं दृश्य आहे. मांडीवर सूप, सुपात मापानं कापलेली तेंदूची पानं आणि तंबाखू, बोटांत दोरा. पाठ भिंतीला, एक पाय पूर्ण दुमडलेला, दुसरा जेमतेम सैल. मजुरी हजार विड्यांवर मिळते, त्यामुळे हजार भरेपर्यंत उठणं परवडत नाही. ही बाई लहानपणी आईशेजारी बसून काम शिकली, लग्नानंतर सासूशेजारी बसली आणि आता सुनेशेजारी बसते. साठीला पोचेपर्यंत तिच्या गुडघ्यांनी दुमडलेल्या अवस्थेत काढलेल्या तासांचा हिशेब कुणी ठेवलेला नसतो. मग एका सकाळी नळाला पाणी येतं, ती घाईनं उठायला जाते आणि उठवत नाही.

या पुस्तिकेतले व्यायाम तिला डोळ्यांसमोर ठेवून मांडले आहेत. तिच्याबरोबर टॉवेलच्या कारखान्यात कांड्या भरलेल्या, शिलाई मशीनवर पाय मारत आयुष्य काढलेल्या, मंगळवेढ्याच्या ज्वारीत खुरपणी केलेल्या आणि शाळेत तीस वर्षं फळ्यासमोर उभ्या राहिलेल्या बायकाही आहेत. कामं वेगळी असली तरी साठीनंतरची तक्रार एकच: जिना उतरताना गुडघा दुखतो, खाली बसलं तर उठता येत नाही, रात्री कूस बदलताना कळ येते. तपासलं की बहुतेकींना ऑस्टिओआर्थ्रायटिस, म्हणजे वयानुसार वाढणारा गुडघ्याचा संधिवात निघतो. आमवात हा वेगळा आजार आहे, त्याची औषधं वेगळी आणि ती वेळेवर सुरू करावी लागतात, म्हणून आधी निदान पक्कं करून घ्यावं.

निदान झाल्यावर बाईच्या कानावर साधारण दोन वाक्यं पडतात. ‘गॅप कमी झालाय’ हे एक आणि ‘वंगण संपलंय’ हे दुसरं. ती दोन्ही वाक्यं घेऊन घरी येते आणि त्यांतून तिसरं स्वतःच काढते: आता गुडघा जितका कमी वापरू तितका तो जास्त टिकेल. घरचेही तेच म्हणतात. ‘आई, तुम्ही बसा, मी करते,’ असं सून मायेनं म्हणते आणि बाई बसते. या तिसऱ्या वाक्याविरुद्ध ही सगळी पुस्तिका उभी आहे. ते चुकीचं आहे आणि त्यानं आजवर फार बायकांना जायबंदी केलं आहे.

का चुकीचं, ते समजून घेण्यासारखं आहे. हाडांच्या टोकांवर कूर्चेचं गुळगुळीत आवरण असतं. या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तिला लागणारं पोषण सांध्यातल्या द्रवातून मिळतं, आणि तो द्रव आत-बाहेर होण्यासाठी कूर्चेवर दाब यावा लागतो व सुटावा लागतो, स्पंज पिळून सोडावा तसा. दाब सतत राहिला तर पोषण अडतं. दाब कधीच आला नाही तरी अडतं. म्हणजे तासन्‌तास दुमडून बसणं आणि महिनोन्‌महिने खाटेवर पाय लांब करून पडणं, ही दोन्ही टोकं कूर्चेला मानवत नाहीत. तिला हवी असते ती मोजकी, लयीतली हालचाल.

शिवाय दुखणं एकट्या कूर्चेचं नसतं. कूर्चेत संवेदना पोचवणाऱ्या नसाही नाहीत. वेदना येते ती हाडातून, सांध्याच्या अस्तरातून, स्नायूबंधांतून. म्हणूनच एक्स-रे आणि वेदना यांचा मेळ नेहमी बसत नाही. चित्र वाईट असूनही गल्लीभर फिरणाऱ्या आजी असतात, आणि चित्र बरं असूनही उंबरा ओलांडताना रडवेल्या होणाऱ्या असतात. या दोघींत फरक पाडणाऱ्या गोष्टींपैकी एक फार मोठी गोष्ट एक्स-रेमध्ये दिसतच नाही. ती म्हणजे मांडीचा पुढचा स्नायू. जिना उतरताना, खुर्चीत टेकताना शरीराचं वजन हळूहळू खाली सोडायचं काम त्याचं. तो थकलेला असला की प्रत्येक धक्का सांध्यावर आदळतो. गुडघ्याला सूज आली की तो स्नायू आकसून काम टाळू लागतो. काम टाळलं की आणखी कमजोर होतो. कमजोर झाला की गुडघा आणखी दुखतो. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं की, गुडघ्यात संधिवाताच्या खुणा आहेत पण अजून दुखत नाही अशा लोकांतही हा स्नायू कमजोर असू शकतो. म्हणजे स्नायूची कमजोरी केवळ दुखण्यामागून येते असं म्हणता येत नाही. काहींच्या बाबतीत ती आधीच घरात येऊन बसलेली असते.

आपल्याकडे हा प्रश्न किती पसरलेला आहे, याचा पहिला चांगला अंदाज सोलापूरच्याच रस्त्यावर मिळाला. पुणे-सोलापूर महामार्गावर उजनीच्या फुगवट्याजवळ भिगवण आहे. १९९६ साली पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे घरोघर जाऊन ४,००० हून अधिक प्रौढांना सांध्यांविषयी विचारलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकारातून आखलेल्या ‘कॉपकॉर्ड’ या कार्यक्रमाचा तो भाग होता. सुमारे १८ टक्के लोकांना स्नायू-सांध्यांचं काही ना काही दुखणं होतं. रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात बसून हे कळलं नसतं, कारण त्यातले पुष्कळ जण दवाखान्यात येतच नाहीत. गुडघा दुखणं हे वयाबरोबर यायचंच, असं धरून चालणाऱ्या बायका तर नाहीतच येत. पुढे देशातल्या वेगवेगळ्या भागांत केलेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत गुडघ्याच्या संधिवाताचं प्रमाण २८.७ टक्के आढळलं आणि ते स्त्रियांत अधिक होतं.

स्त्रियांत अधिक का, याची कारणं अनेक आहेत. पाळी गेल्यानंतर होणारे बदल, वजन, मुळातच कमी असलेलं स्नायूंचं भांडवल. पण बसण्याच्या सवयीचा विचार करताना चीनमधला एक अभ्यास मला नेहमी महत्त्वाचा वाटतो. बीजिंगमधल्या वृद्ध स्त्रियांची तुलना अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावच्या स्त्रियांशी केली गेली आणि २००१ साली निष्कर्ष छापले गेले. बीजिंगच्या बायका कितीतरी सडपातळ होत्या, तरी त्यांच्यात गुडघ्याचा संधिवात जास्त होता. नंतर त्याच संशोधकांनी विचारलं, तरुणपणी रोज किती वेळ उकिडवं बसत होतात? ज्या जास्त वेळ बसत होत्या त्यांच्यात प्रमाण जास्त निघालं. हे वाचताना विडीचं सूप, चुलीपुढचा पाट आणि ज्वारीतली खुरपणी आठवल्याशिवाय राहत नाही.

त्यावरून ‘मांडी घालू नका, खाली बसू नका’ हा सल्ला सरसकट दिला जातो. तो सल्ला देताना थोडं थांबायला हवं, असं मला कळकळीनं वाटतं. दुखणं ऐन भरात असताना खाली बसणं टाळावं, विडीचं काम पाटावर किंवा बुटक्या स्टुलावर बसून करावं, अर्ध्या तासानं उठून दोन फेऱ्या माराव्यात, हे सगळं बरोबर. पण जिचं जेवण, भजन, बारशाची ओटी, हळदीकुंकू, शेजारणीशी दुपारचं बोलणं सगळं जमिनीवर आहे, तिला ‘जन्मभर खाली बसू नका’ म्हणणं म्हणजे तिला बायकांच्या घोळक्यातून उठवून भिंतीकडेच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत एकटं बसवणं. या पुस्तिकेत उद्दिष्ट म्हणून ‘खाली बसून उठता येणं’ हे मुद्दाम ठेवलं आहे. सगळ्यांना ते साधणार नाही. पण ज्यांना साधू शकतं, त्यांच्याकडून ते आधीच काढून घेऊ नये.

आता ज्या प्रश्नाला प्रत्येक वर्गात पहिल्या दिवशी तोंड द्यावं लागतं, तो प्रश्न: ‘दिवसभर राबतोच की, आणखी व्यायाम कशाला?’ प्रश्न रास्त आहे आणि विचारणाऱ्या बाईचा थकवा खरा आहे. त्याला उडवून लावणारं उत्तर देऊ नये. काम आणि व्यायाम यांत फरक असा: काम शरीराकडे जे आहे ते वापरतं, तेही ठरावीक सांध्यांतून, ठरावीक कोनांत, थकल्यावरसुद्धा. विडी वळताना बोटं दिवसभर धावतात आणि मांडी निजलेली असते. भाकऱ्या थापताना खांदे भरून येतात, मांडी तिथेही निजलेली. हंडा उचलताना ती एकदम जागी होते, तयारीशिवाय, पूर्ण भारानं. व्यायामात भार आपण ठरवतो: आज इतका, पंधरा दिवसांनी थोडा जास्त, मध्ये विश्रांतीचा दिवस. स्नायूला वाढायला हेच तीन लागतात. काम ते देत नाही, कितीही राबलं तरी.

आणि वय आड येत नाही. १९९० साली बॉस्टनमध्ये सरासरी नव्वदीतल्या दहा वृद्धांना आठ आठवडे मांडीच्या स्नायूचा भारासह व्यायाम दिला गेला. त्यांची ताकद दुपटीहून अधिक वाढली. नव्वदीत! आपल्याकडे पासष्टीच्या बाईला ‘आता काय राहिलंय’ म्हणून गप्प केलं जातं, तेव्हा हा अभ्यास तिच्यासमोर मोठ्यानं वाचून दाखवावासा वाटतो.

गुडघ्याच्या संधिवातावरचा एक जुना आणि भक्कम प्रयोग १९९७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. साठीपुढचे ४३९ लोक, तीन गट: एकाला चालण्याचा व्यायाम, एकाला वजनं घेऊन ताकदीचा व्यायाम, एकाला नुसती आरोग्यविषयक माहिती. दीड वर्षानंतर दोन्ही व्यायाम-गटांत वेदना आणि अडचणी माहितीच्या गटापेक्षा कमी होत्या. फरक डोळे दिपवणारा नव्हता, मध्यम होता, पण टिकणारा होता. २०१५ साली कॉक्रेन या संस्थेनं ५४ प्रयोग एकत्र तपासले आणि व्यायामानं वेदना कमी होते असा स्पष्ट निर्वाळा दिला. २०२४ साली त्याच संस्थेनं पुन्हा, याहून कितीतरी अधिक प्रयोग घेऊन पाहिलं, तेव्हा सूर सावध होता: सुधारणा आहे, पण सरासरी लहान आहे, आणि रोजच्या जगण्यात ती किती जाणवेल याबद्दल शंका आहे.

हे वाचकांपासून लपवणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. सरासरी लहान असते तेव्हा तिच्या पोटात खूप सुधारलेल्या, थोड्या सुधारलेल्या आणि काहीच न सुधारलेल्या अशा सगळ्या असतात. पुष्कळशा प्रयोगांत व्यायाम फार हलका किंवा फार थोडे दिवस होता, हेही खरं. पण माझं मत या आकड्यांपेक्षा पर्यायांकडे पाहून बनलं आहे. या वयाच्या बाईला बहुधा रक्तदाब असतो, अनेकींना साखर असते. तिनं मेडिकलमधून आणून रोज घेतलेली वेदनाशामक गोळी पोट आणि मूत्रपिंड दोन्ही बिघडवू शकते. व्यायामाची किंमत तिच्या मूत्रपिंडाला मोजावी लागत नाही. त्यानं मांडी बळकट होते, तोल सुधारतो, साखर आटोक्यात यायला मदत होते, झोप लागते. गुडघ्याच्या वेदनेत थोडाच फरक पडला तरी एवढं पदरात पडतंच.

व्यायाम कोणता, याचे तपशील पुढच्या पानांत चित्रांसह आहेत. इथे फक्त त्यामागचा विचार सांगते. सुरुवात झोपून: गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल, तो खाली दाबायचा, मनात पाच मोजायचं, सोडायचं. सोलापुरात टॉवेल शोधायला लागत नाही. मग पाय सरळ ठेवून वीतभर उचलणं. मग बसून पाय सरळ करणं, पुढे घोट्याला वाळूची अर्धा किलोची पिशवी बांधून. ओट्याला धरून टाचा उचलणं, पाय बाजूला नेणं, एका पायावर उभं राहणं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं: खुर्चीवरून हात न लावता उठणं आणि हळू बसणं. सुरुवातीला जमत नसेल तर खुर्चीवर चादरींच्या घड्या टाकून बैठक उंच करावी. बारा वेळा सहज जमू लागलं की एक घडी काढावी. सगळ्या घड्या निघाल्या की बुटकं स्टूल घ्यावं. या एका व्यायामात जिना, बस, संडास आणि पाट यांची तयारी एकदम होते.

आठवड्यातून दोन ते तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून, निदान बारा आठवडे. फार जड वजनं लागत नाहीत. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या ३७७ जणांच्या दीड वर्षाच्या प्रयोगात खूप जड भाराचा गट हलक्या भाराच्या गटापेक्षा वेदनेत सरस ठरला नाही. पण भार हळूहळू वाढलाच पाहिजे. वर्षभर एकच पाय दहा वेळा उचलणं हा व्यायाम राहत नाही.

दुखलं तर? दुखणारच, थोडं. शून्य म्हणजे काहीच नाही आणि दहा म्हणजे असह्य, असं धरलं तर व्यायाम करताना पाचापर्यंत गेलेलं चालतं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीच्या पातळीवर आलेलं असावं. आलं नसेल तर पुढच्या वेळी भार कमी करावा, व्यायाम बंद करू नये. हा नियम समजला की भीती निम्मी होते. वर्गात बायका ‘आज तीन’, ‘आज चार’ असं बोलू लागतात, कुणी तेलुगूत, कुणी कन्नडमध्ये, कुणी मराठीत. मोजणीही तशीच चालते: ओकटी, रेंडु, मूडु संपलं की ओंदु, एरडु, मूरु.

भार हळूहळू वाढवण्याचं महत्त्व सोलापूरकरांना कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी कळायला हवं. त्या पौर्णिमेला शहरातून तुळजापूरला पायी जाण्याची रीत आहे, अंतर सुमारे ४५ किलोमीटर. वर्षभर फारसं न चाललेल्या बायकाही श्रद्धेनं निघतात, आणि नंतर आठवडाभर सुजलेले गुडघे शेकत बसतात. मग दोष चालण्याला जातो. आषाढीला आळंदीहून निघणारी पालखी मात्र सुमारे अडीचशे किलोमीटर तीन आठवड्यांत चालते, धर्मपुरीजवळ आपल्या जिल्ह्यात येते, आणि तिच्यात सत्तरीच्या कितीतरी बायका असतात. रोज बेतानं चालणं, रात्री विसावा, दुसऱ्या दिवशी पुन्हा. तुळजापूरला जायचंच असेल तर श्रावणापासून चालायला लागावं. पहिल्या आठवड्यात रोज पंधरा मिनिटं पुरेत.

वजनाबद्दल थोडं. एक किलो वजन उतरलं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो, असं २००५ सालच्या एका मोजणीत आढळलं. पण आपल्याकडच्या सगळ्याच बायका जाड नाहीत. पुष्कळ जणी वाळलेल्या आहेत, सगळ्यांनंतर जेवणाऱ्या आहेत, आठवड्यातून दोन-दोन उपास साबुदाण्यावर काढणाऱ्या आहेत. त्यांना कमी खा म्हणणं घातक. त्यांच्या ताटात भाकरीबरोबर घट्ट डाळ, पिठलं, शेंगांची चटणी, दही, चालत असेल तर अंडं, हे वाढायला हवं. स्नायू हवेतून तयार होत नाही.

या शहरात वर्ग चालवायचा तर काही गोष्टी आधीच ध्यानात घ्याव्या लागतात. पाणी रोज येत नाही आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी बाई घर सोडून येत नाही; म्हणून वेळापत्रक पाण्याच्या वारावरून ठरवावं, कॅलेंडरवरून नाही. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा सकाळी साडेसहा किंवा दिवेलागणीनंतरचीच वेळ. साडीत पाय उचलायला संकोच वाटतो. दार लावलेली जागा आणि शिकवायला बाई असेल तर तो जातो. आणि हजार विड्यांचा हिशेब विसरू नये. वर्ग दोन तासांचा केला तर त्या बाईची मजुरी बुडते आणि ती पुन्हा येत नाही. चाळीस मिनिटं पुरेशी आहेत. कुंभारीला गोदूताई परुळेकर यांच्या नावानं विडी कामगार बायकांची दहा हजार घरांची वसाहत आहे. २००६ साली तिचं लोकार्पण झालं. शेजारी रे नगरमधली पहिली पंधरा हजार घरं जानेवारी २०२४ मध्ये दिली गेली. एवढ्या कष्टकरी बायका एका ठिकाणी राहतात, त्या जागी समाजमंदिरात किंवा अंगणवाडीच्या खोलीत असे वर्ग भरवणं अवघड नाही. बचत गट आहेत, भजनी मंडळं आहेत, आशाताई आहेत. एकटीनं घरी केलेला व्यायाम तीन आठवड्यांत सुटतो. शेजारीण हाक मारायला आली की टिकतो.

शस्त्रक्रियेला या पुस्तिकेचा विरोध नाही. सांधा फार बिघडला, रात्रीची झोप गेली, व्यायाम आणि औषधं मन लावून करूनही भागेना, तर सांधा बदलणं हा उत्तम उपचार आहे. २०१७ साली सरकारनं कृत्रिम गुडघ्याच्या किमतींवर मर्यादा घातल्यापासून तो काही घरांच्या आवाक्यात आला. पण शस्त्रक्रियेआधी मांडी बळकट असेल तर नंतर उठणं सोपं जातं, आणि शस्त्रक्रियेनंतरही हेच व्यायाम करायचे असतात.

गुडघा एकाएकी लाल, गरम होऊन सुजला, ताप आला, पडल्यावर पाय टेकवेना, पोटरी सुजून दुखू लागली, किंवा चालताना छातीत दडपलं, तर व्यायाम थांबवून आधी डॉक्टरांकडे किंवा सिव्हिलला जावं. बाकीच्यांनी पहिल्या दिवशी एकच मोजणी करावी: ३० सेकंदांत हात न लावता खुर्चीवरून किती वेळा उठता येतं. आकडा शून्य असला तरी तोच लिहावा. पुस्तिकेच्या शेवटी त्यासाठी रिकामे रकाने दिले आहेत. जिला लिहिता येत नाही तिचा आकडा शेजारणीनं लिहावा, आणि बाराव्या आठवड्यात तीच खुर्ची, तेवढीच उंची ठेवून पुन्हा मोजावं.